उतारस्थैर्य विश्लेषण आणि दरडींचे पूर्वानुमान : सह्याद्रीच्या संदर्भात प्रचलित पद्धतींची चिकित्सा

प्रास्ताविक

दि. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगरावरून आलेल्या चिखलमातीखाली गाडले गेले. सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. गाव जागेवर नाही ही वार्ता बाहेर पोचली ती एखाद्या यंत्रामुळे किंवा नकाशामुळे नव्हे, तर नेहमीच्या फेरीला आलेल्या एस. टी.च्या चालकामुळे. दि. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. दि. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. या तिन्ही घटनांपूर्वी, जुलै २००५ च्या अतिवृष्टीत, महाड तालुक्यातीलच जुई, दासगाव, कोंडिवते व रोहन या गावांनी हाच अनुभव घेतला होता.

या काळात आपल्या महाविद्यालयांतील भूगोल, भूशास्त्र व स्थापत्य अभियांत्रिकी विभागांतून दरडींवर बरेच लेखन झाले आहे. त्याचे ढोबळमानाने तीन प्रवाह दिसतात. पहिला उताराचा सुरक्षा गुणांक काढणारा, दुसरा दरडप्रवणतेचे नकाशे करणारा आणि तिसरा पावसाच्या प्रमाणावरून दरडीची वेळ सांगू पाहणारा. प्रस्तुत लेखात या तिन्ही प्रवाहांतील पद्धती सह्याद्रीच्या उतारांना कितपत लागू पडतात हे तपासले आहे. लेखकाचे म्हणणे असे की, पद्धतीची निवड करण्यात आपण जेवढी शक्ती खर्च करतो तिच्या मानाने उताराच्या पोटातील पाणी मोजण्याकडे आपले लक्ष जवळजवळ नाही. त्यामुळे गुणांक अचूक दिसतो, नकाशा देखणा होतो, पण डोंगराखालच्या वाडीने काय करावे याचे उत्तर दोहोंतूनही निघत नाही.

सुरक्षा गुणांकाचे गणित

उतारस्थैर्याच्या आजच्या बहुतेक पद्धतींचा उगम स्वीडनमध्ये आहे. सन १९१६ मध्ये गोथेनबर्ग बंदरातील स्टिगबेर्ग धक्का खचला. त्या व तशाच इतर घटनांच्या अभ्यासातून मातीचे घसरणारे वस्तुमान उभ्या कापांत विभागून प्रत्येक कापाचा समतोल तपासण्याची पद्धत पुढे आली. फेलेनियस यांच्या नावाने ती ओळखली जाते. पुढे १९५५ मध्ये बिशप यांनी कापांमधील परस्पर बलांचा विचार करून तिच्यात सुधारणा केली. १९६५ मध्ये मॉर्गेनस्टर्न व प्राइस यांनी आणि १९६७ मध्ये स्पेन्सर यांनी समतोलाच्या सर्व अटी पाळणारी मांडणी दिली. अलीकडे फायनाइट एलिमेंट पद्धतीने मातीचे सामर्थ्य क्रमाक्रमाने घटवीत उतार केव्हा ढळतो हे संगणकावर पाहता येते. या सर्वांमागील कल्पना एकच आहे. उताराला धरून ठेवणारे कर्तनसामर्थ्य आणि त्याला खाली खेचणारे कर्तन बल यांचे गुणोत्तर म्हणजे सुरक्षा गुणांक. तो एकाच्या खाली गेला की उतार ढळतो.

आपल्याकडील अनेक शोधनिबंधांत एकाच उतारावर या चार-पाच पद्धती लावून त्यांच्या उत्तरांची तुलना केलेली असते. फेलेनियस यांची पद्धत कमी गुणांक देते, विशेषतः पाण्याचा दाब जास्त असेल तेव्हा, आणि बाकीच्या पद्धतींची उत्तरे वर्तुळाकार घसरणीसाठी थोड्याच टक्क्यांच्या फरकाने जवळपास येतात. हे पाठ्यपुस्तकांत कित्येक दशके नोंदलेले आहे. ते पुन्हा सिद्ध करण्यात सह्याद्रीविषयी नवे काही कळत नाही. शिवाय मूळ पद्धत बंदराकाठच्या जाड, मऊ, एकजिनसी चिकणमातीसाठी होती. सह्याद्रीचा उतार तसा नाही. येथे बेसॉल्टचे जवळजवळ आडवे थर एकावर एक असून काही ठिकाणी त्यांच्यामध्ये तांबड्या मातीचा, पाणी सहज खाली न सोडणारा थर आढळतो. उतारावर झिजलेल्या खडकाचा आणि वरून घरंगळून साचलेल्या दगडमातीचा काही मीटर जाडीचा पदर असतो. पावसाळ्यात हा पदर खालच्या घट्ट खडकावरून, उताराला समांतर अशा पातळीवर सुटतो. तेथे खोल वर्तुळाकार घसरणीचे प्रारूप लावणे म्हणजे मुळात नसलेल्या वर्तुळाचा केंद्रबिंदू शोधणे होय.

अशा पातळ पदरासाठी ‘अनंत उतार’ हे साधे प्रारूप अधिक योग्य आहे. ते वापरून एक उदाहरण पाहू. यातील आकडे कोणत्याही विशिष्ट गावाचे नसून केवळ विवेचनासाठी गृहीत धरले आहेत. उतार ३० अंशांचा, मातीचा पदर ३ मीटर जाडीचा, मातीचे वजन दर घनमीटरला १९ किलोन्यूटन (सोयीसाठी ओल्या व कोरड्या अवस्थेत तेच), अंतर्गत घर्षणकोन ३२ अंश आणि संसक्ती, म्हणजे कणांची एकमेकांना धरून राहण्याची शक्ती, ५ किलोपास्कल. पदरात भूजल नसताना गुणांक १.२८ येतो. पाणी जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत भरून उताराला समांतर वाहू लागले की तोच गुणांक ०.७३ होतो. उतार ढळण्याची सीमा, म्हणजे गुणांक १, खडकाच्या माथ्यापासून सुमारे दीड मीटर पाणी चढले की गाठली जाते.

आता संसक्ती ५ ऐवजी १० किलोपास्कल धरली तर ही सीमा सुमारे २.६ मीटरवर जाते. २ धरली तर सुमारे ०.९ मीटरवर येते. मूठभर दगडमातीच्या नमुन्यात २ आणि १० यांमधील फरक ही क्षुल्लक बाब आहे. झाडांची मुळेच तेवढी संसक्ती पुरवू शकतात आणि तोड झाल्यावर मुळे कुजली की ती जाते. त्यात आणखी एक अडचण आहे. मे महिन्यात उतारावरून काढलेला नमुना अर्धवट कोरडा असतो. त्याच्या रंध्रांतील ओढ, म्हणजे ऋण जलदाब, कणांना जवळ धरून ठेवते. प्रयोगशाळेतील साध्या कर्तन चाचणीत ही ओढ ‘संसक्ती’ म्हणून नोंदली जाते. जुलैत पाऊस मुरला की ओढ संपते, परंतु निबंधातील तक्त्यात तिचा आकडा तसाच राहतो. बिशप की स्पेन्सर या वादात गुणांक काही टक्क्यांनी हलतो. पाण्याची पातळी आणि संसक्ती यांच्या गृहीतकांत तो धोक्याच्या रेषेच्या या किंवा त्या बाजूला जातो. तरीही शोधनिबंधात पद्धतीला आठ पाने आणि पाण्याला ‘पाणी पातळी पृष्ठभागाशी गृहीत धरली’ एवढे एक वाक्य, हे प्रमाण आपल्याला खटकत नाही.

दरडप्रवणतेचे नकाशे

दुसऱ्या प्रवाहातील काम संख्येने अधिक आहे आणि त्याला प्रशासकीय महत्त्वही आहे. भारतीय मानक संस्थेने १९९८ मध्ये डोंगराळ प्रदेशातील दरड-धोका विभागणीसाठी मानक १४४९६ चा दुसरा भाग प्रसिद्ध केला. त्यातील पद्धत घटकनिहाय गुण देण्याची आहे. एकूण १० गुणांपैकी खडकाचा प्रकार २, खडकातील संधी-भेगांची रचना २, उताराचे स्वरूप २, सापेक्ष उठाव १, भूमी-उपयोग २ आणि जलभूवैज्ञानिक स्थिती १ अशी वाटणी आहे. पाण्याच्या वाट्याला दहापैकी एक गुण आला आहे. पाऊस हा घटक तर यादीतच नाही, कारण मानकाचा हेतू कायमस्वरूपी प्रवणता सांगण्याचा आहे, वेळ सांगण्याचा नाही. हिमालयातील रस्ते व प्रकल्पांच्या पूर्वपाहणीसाठी ही वाटणी समजण्यासारखी आहे. ज्या डोंगररांगेत खडक आडवे व बहुतांशी एकाच प्रकारचे आहेत आणि दरडी जवळजवळ सर्व पावसाळ्यातच येतात, तेथे मात्र ती उलटी ठरते. बेसॉल्टच्या प्रदेशात पहिल्या दोन घटकांचे गुण जवळपास सर्वत्र सारखे पडतात आणि उरलेला भार उतारावर येतो. नकाशा मग उताराचाच नकाशा होतो.

पाण्याचा तो एक गुणही प्रत्यक्ष पाहून द्यायचा असतो. उतार वाहता, ठिबकता, ओला, दमट की कोरडा, हे पावसाळ्यानंतर लगेच नोंदणे अपेक्षित आहे. आपली क्षेत्रपाहणी बहुधा दिवाळीच्या सुट्टीच्या अखेरीस किंवा उन्हाळ्यात होते, कारण तेव्हा विद्यार्थी मोकळे असतात आणि घाटवाटा चालण्याजोग्या असतात. त्यामुळे पुष्कळशा नोंदवह्यांत ‘कोरडा’ हाच शेरा आढळतो. (विद्यापीठीय वेळापत्रकाचा भूशास्त्रावर होणारा परिणाम हा स्वतंत्र निबंधाचा विषय व्हावा.)

गेल्या दीड-दोन दशकांत मानकाची जागा संख्याशास्त्रीय पद्धतींनी घेतली. वारंवारता गुणोत्तर, श्रेणीबद्ध तुलना प्रक्रिया, लॉजिस्टिक समाश्रयण आणि आता यंत्र-अध्ययन असा हा प्रवास आहे. श्रेणीबद्ध तुलनेत ‘तज्ज्ञांच्या मतानुसार’ घटकांना भार दिला जातो. तो तज्ज्ञ बहुतेक वेळा निबंधाचा लेखकच असतो, आणि सुसंगती गुणोत्तर ०.१ च्या खाली आले यावर समाधान मानले जाते. ते गुणोत्तर मते परस्परांशी जुळतात की नाही एवढेच सांगते. मते खरी आहेत की नाही हे सांगत नाही.

यंत्र-अध्ययनाच्या निबंधांत वक्ररेषेखालील क्षेत्रफळ ०.९ च्या पुढे गेले की निष्कर्ष सुटला असे मानतात. येथे परीक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत असे वाटते. एक, ‘दरड नसलेले’ बिंदू कोठून घेतले? ते सपाट खोऱ्यातून किंवा समुद्रकाठच्या भातखाचरांतून घेतले असतील तर यंत्राने फक्त डोंगर आणि सपाटी यांतला फरक ओळखला आहे, आणि तो शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक असतो. दोन, प्रशिक्षण व तपासणीचे बिंदू यादृच्छिक विभागले की प्रदेशानुसार? एकाच दरडीचे शेजारचे चौकोन दोन्हीकडे गेले असतील तर ती तपासणी नव्हे, उजळणी आहे. तीन, दरडींची मूळ यादी कोणी व कशासाठी केली? बांधकाम विभागाची यादी घाटरस्त्यांवर अडथळा आणणाऱ्या दरडींची असते. ती वापरली की ‘रस्त्यापासूनचे अंतर’ हा प्रमुख घटक ठरतो. रस्त्यासाठी पायथा खोदल्याने उतार कमकुवत होतो हे खरेच आहे. परंतु यादीच रस्त्यावरून केलेली असल्यास खोदकामाचा परिणाम आणि नोंदीचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत. रस्त्यापासून दूर डोंगराच्या कुशीत असलेली वाडी अशा नकाशात आपोआप सुरक्षित दिसते.

भाषेचाही येथे संबंध आहे. कोकणात व घाटमाथ्यावर ‘दरड कोसळली’, ‘डोंगर खचला’, ‘जमीन सरकली’, ‘भेग पडली’ असे शब्द वेगवेगळ्या घटनांसाठी लोक वापरतात. आपल्या याद्यांत त्या सर्वांना एकच बिंदू मिळतो. कड्यावरून सुटलेला दगड आणि पाण्याने फुगून वाहत आलेला मातीचा लोंढा यांची कारणे भिन्न आहेत, वेग भिन्न आहे आणि उपायही भिन्न आहेत. माळीणच्या दुर्घटनेनंतर यंत्राने डोंगरउतार सपाट करून पडकईची भातखाचरे काढल्यामुळे पाणी मुरले की केवळ अतिवृष्टीमुळे उतार ढळला, यावर बरीच चर्चा झाली. या चर्चेचा निकाल कोणत्याही बाजूने लागो. पडकईचे बांध, बुजलेल्या ओहळांच्या वाटा, वाडीच्या वरच्या अंगाला साठणारे पाणी यांच्यासाठी आपल्या नकाशांत रकानाच नाही. तीस मीटरच्या चौकोनात उंची मोजणाऱ्या उपग्रह-प्रारूपात असा बांध दिसतही नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय दरडप्रवणता नकाशे १ : ५०,००० या प्रमाणावर केले. देशव्यापी पहिली पायरी म्हणून ते मोलाचे काम आहे. पण त्या प्रमाणावर नकाशातील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. दीडशे मीटर लांबीची वाडी नकाशावर तीन मिलिमीटरची होते. तिच्यावर पडलेला रंग पाहून गाव हलवायचे की नाही हे ठरवणे हा नकाशाचा दोष नाही. तो वापरणाऱ्याचा आहे.

त्यापेक्षाही मूलभूत अडचण अशी की, नकाशा दरड सुटण्याची जागा रंगवतो, पोचण्याची नव्हे. माळीणमध्ये काय किंवा इर्शाळगडाच्या कुशीतील वाडीत काय, घरे सुटलेल्या उतारावर नव्हती, त्याच्या खाली होती. दि. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये उगमाजवळ सुटलेली दरड ओढ्याच्या पात्राने कित्येक किलोमीटर खाली उतरली आणि मुंडक्कै व चूरलमला ही गावे तिच्या वाटेत सापडली. अल्बर्ट हाइम यांनी स्वित्झर्लंडमधील १८८१ च्या एल्म येथील दरडीच्या अभ्यासातून, दरड किती उंचीवरून सुटून किती अंतर जाते या गुणोत्तराचा विचार मांडला. त्याला शतक उलटून गेले. तरी आपल्या निबंधांत ‘दरड कोठवर जाईल’ हे प्रकरण क्वचितच असते. इर्शाळवाडी संभाव्य दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे दुर्घटनेनंतर विधिमंडळात सांगण्यात आले. सुटण्याच्या जागांवरून केलेल्या कोणत्याही यादीत अशी गावे गळण्याची शक्यता राहणारच.

वेळेचे पूर्वानुमान

‘कोठे’ या प्रश्नानंतर ‘केव्हा’ हा प्रश्न येतो. केन यांनी १९८० मध्ये जगभरातील उथळ दरडींच्या नोंदींवरून पावसाची तीव्रता व कालावधी यांची सीमारेषा दिली. तिचा आधार अजूनही घेतला जातो. त्या सूत्राने २४ तासांसाठी सीमा काढली तर ती सुमारे १०३ मि.मी. येते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. तेथे जुलै-ऑगस्टमध्ये ही सीमा वारंवार ओलांडली जाते. जेथे दर आठवड्याला धोक्याची घंटा वाजते तेथे चौथ्या आठवड्याला कोणी घर सोडत नाही. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मि.मी. पाऊस झाला तेव्हा मात्र घंटेची गरजच उरली नव्हती. जागतिक सीमारेषा ही जगभराच्या सरासरीतून नव्हे तर खालच्या मर्यादेतून आखली जाते. तिचा अर्थ ‘याखाली दरडी सहसा येत नाहीत’ एवढाच आहे. आपल्या कित्येक लेखांत तो ‘यावर दरडी येतात’ असा उलटा वाचला गेला आहे.

स्थानिक सीमारेषा काढायची तर पाऊस डोंगरावर मोजावा लागतो. हाँगकाँगमध्ये १९७२ च्या जून महिन्यात दोन दरडींत मिळून सव्वाशेहून अधिक माणसे गेली. १९७६ मध्ये पुन्हा दुर्घटना झाल्यावर १९७७ मध्ये उतारांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापन झाले. तेथे सुमारे १,१०० चौ. कि.मी. क्षेत्रात शंभरावर स्वयंचलित पर्जन्यमापके असून त्यांच्या नोंदींवरून इशारे दिले जातात. आपल्याकडे महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर केंद्रे आली हा मोठा बदल आहे. पण ती मुख्यतः शेती व पीकविमा यांच्यासाठी आहेत आणि सोयीच्या सपाट जागी उभी आहेत. घाटात दोन-चार कि.मी. अंतरावर पावसात दुपटीचा फरक पडू शकतो हे पावसाळ्यात घाट चढलेल्या कोणालाही माहीत असते.

वेग मोजून वेळ सांगण्याची एक वेगळी पद्धत सैतो यांनी १९६५ मध्ये व फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये विकसित केली. सरकणाऱ्या उताराचा वेग वाढत जातो. वेगाचा व्यस्त आलेखावर मांडला की ती रेषा शून्याला जेथे भेटेल ती ढळण्याची वेळ. अमेरिकेतील बिंगहॅम कॅन्यन खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी प्रचंड घसरण झाली. परंतु रडारने हालचाल आधीच टिपली होती, खाण रिकामी केली होती आणि एकही माणूस जखमी झाला नाही. याच्या उलट उदाहरण इटलीतील वायंट धरणाचे. तेथे घसरणारा डोंगर तीन वर्षे मोजला जात होता. जलाशयाची पातळी वरखाली करून सरकण्यावर ताबा ठेवता येईल असा अभियंत्यांचा समज होता. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २७ कोटी घनमीटर खडक एकाच वेळी जलाशयात आला, पाणी धरणावरून उसळले आणि सुमारे दोन हजार माणसे गेली. आकडे होते, त्यांचा अर्थ चुकीचा लावला गेला होता.

सह्याद्रीतील पातळ पदराच्या दरडी मात्र महिनोन्‌महिने सरकण्याची सूचना देत नाहीत. त्या काही तासांत, कधी काही मिनिटांत सुटतात. त्यामुळे व्यस्त वेगाची पद्धत येथे सरसकट लावण्याचा मोह टाळावा. येथे ज्याची वाढ आधी दिसू शकते ते म्हणजे खडक आणि माती यांच्या सांध्यावरचे पाणी. वरील उदाहरणात गुणांक कोसळण्याआधी पाणी दीड मीटर चढावे लागते. ते चढताना मोजता येते. उतारात खडकापर्यंत उतरवलेली सच्छिद्र नळी आणि तिच्यातील पाण्याची पातळी नोंदणारे साधे दाबमापक, एवढे साहित्य महाविद्यालयीन प्रकल्पाच्या आवाक्याबाहेरचे नाही. उपग्रह-प्रतिमा फुकट मिळतात म्हणून त्यांच्यावर शंभर निबंध व्हावेत आणि नळीसाठी ओल्या डोंगरावर जावे लागते म्हणून एकही होऊ नये, ही आपल्या विषयाची आजची अवस्था आहे असे कठोरपणे म्हणावे लागते.

कोकण रेल्वेचा अनुभव या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ दुसरा अपघात झाला. त्यानंतर उतार कमी करणे व जाळ्या बसवणे ही कामे झाली आणि पावसाळी गस्तीवर भर आला. पावसाळ्याचे वेगळे, संथ वेळापत्रक पाळले जाते आणि मुसळधार पावसात गाडीचा वेग आणखी उतरवला जातो. येथे कोणती दरड कधी येईल याचे भाकीत नाही. पाऊस वाढला की काय करायचे याचा नियम आहे आणि तो पाळण्याची जबाबदारी ठराविक माणसावर आहे.

अशा नियमाचा उंबरठा वाडीसाठी कोणता असावा हे ठरवणारा अभ्यास आपल्याकडे व्हायला हवा. त्यासाठी एका तालुक्याचा नकाशा लागणार नाही. एक उतार, त्यावरील दोन-तीन नळ्या, जवळच वर बसवलेले पर्जन्यमापक, तीन पावसाळ्यांच्या तासानुसार नोंदी आणि वाडीतील माणसांनी सांगितलेल्या झऱ्यांच्या व भेगांच्या जागा एवढेच लागेल. तेवढे साहित्य हाती असल्यावर गुणांक फेलेनियस यांच्या पद्धतीने काढला की बिशप यांच्या, याने फारसे बिघडणार नाही.